कोक-बेलचं आठवं पोर्ट

१२ सप्टेंबर

आज आमच्या साहेबांनी, मेलिस-बाइकेंनी, माझ्यापुढे फोन आपटला. फुटेल असा नाही, पण टेबलावरचा चहा हिंदकळला. ऑफिसातला हा फोन आम्ही आळीपाळीने घरी नेतो. नारिन शहरात आणि आसपासच्या खोऱ्यांत आमच्या कंपनीची इंटरनेटची जितकी यंत्रं आहेत, ती सगळी जरा काही झालं की त्यावर निरोप धाडतात. काल तो बाइकेंच्या घरी होता. त्या टिंगटिंगीने त्यांच्या सुनेचं तान्हं बाळ सारखं दचकून उठत होतं, म्हणून बाइकेंच्या बायकोने शेवटी फोन पिठाच्या डब्यात पुरून ठेवला. आज त्याच्या फटींतून पीठ सांडत होतं.

"पेरिझात, या यंत्रांना बोलायची शिस्त लाव," ते म्हणाले. "रोज मरे त्याला कोण रडे? खरंच काही मोडेल तेव्हा आपण कानात बोळे घालून बसलेले असू."

तर आजपासून हे काम माझ्याकडे. कुठल्या यंत्राचा कुठला निरोप आमच्यापर्यंत यावा आणि कुठला वाटेत गाळावा, ते मी ठरवायचं. मला आवडलं. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही हे मी पाळण्यात असल्यापासूनच ठरवत आले आहे, असं आके म्हणतात.

आके म्हणजे माझे वडील, सादिरकुल. जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढल्या, आणि निवृत्त झाल्यापासून कोक-बेलच्या खिंडीत आमच्या कंपनीच्या मनोऱ्याची राखण करतात. दोन खोल्या, एक घोडा, उचार नावाचा एक कुत्रा. सौर पॅनेलवरचा बर्फ झाडायचा, बॅटऱ्या बघायच्या, जनरेटर चालू करायचा. खिंडीपलीकडच्या तेके-साय खोऱ्याची सगळी लाइन तिथूनच खाली उतरते. आई गेल्यापासून ते तिथेच राहतात, थंडीतसुद्धा, जेव्हा रस्ता महिनोन्‌महिने बंद असतो. या थंडीत मी त्यांना तिथे एकटं राहू देणार नाही. हे मी ठरवलं आहे. त्यांनी उलट ठरवलं आहे.

१५ सप्टेंबर

समोरच्या टेबलावर आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताई, बुरुल एजे, बसतात, गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेतात. आज त्यांना निरोपांच्या पायऱ्या समजावल्या. पायऱ्या आठ, शून्यापासून सातपर्यंत. शून्य म्हणजे यंत्र मेलंच. एक म्हणजे हातातलं टाकून धावा. चार म्हणजे इशारा, अजून काही झालेलं नाही पण होईल. पाच म्हणजे सहज कानावर घातलेली गोष्ट. सात म्हणजे यंत्राची स्वतःशीच चाललेली बडबड. आणि प्रत्येक निरोपाला त्याची पायरी यंत्रच चिकटवून पाठवतं.

"म्हणजे आकडा जितका लहान तितका मान मोठा," एजे म्हणाल्या. "माझ्या सासूला शिकव गं हे. तिच्या घरात मीठ संपलं तरी शून्य नंबर."

मी म्हटलं, आमच्याकडे बरोबर उलटं आहे. आकेंचा फोन आला की आधी वारा, मग घोड्याचा नाल, मग उचारच्या पंजातला काटा, मग जनरेटरचं तेल. म्हणजे सात, सात, सहा, सहा. स्वतःची तब्येत सगळ्यांत शेवटी, आणि तिथवर यायच्या आत फोन ठेवलेला असतो. एजे म्हणाल्या, त्यात काय, आपल्यात विचारायचीच पद्धत तशी आहे, आधी गुरं सुखरूप का आणि मग माणसं. त्यांचंही खरंच आहे. पण गुरांचा दवाखाना तरी जवळ असतो.

२२ सप्टेंबर

आठवडाभर सगळ्या यंत्रांचे निरोप वाचतेय. डोळे गेले. यंत्रंही माणसांसारखी असतात, काही घुमी, काही तोंडाळ. जार-बुलाकच्या शाळेतलं यंत्र तर शेजारणीसारखं आहे, कोण आलं आणि कोण गेलं ते सगळं सांगतं.

कोक-बेलचं यंत्र शहाणं आहे, पण त्यातलं आठवं पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची आठवी खाच, खराब झालेलं दिसतं. रोज सकाळी सातच्या सुमारास ते एकदा पडतं आणि लगेच उठतं, म्हणजे जोडणी तुटते आणि पुन्हा जुळते. निरोप पाच नंबरचा. मग दिवसभर काही नाही. त्या पोर्टवर काही कामाचं जोडलेलंही नाही, जुना एक डबा आहे फक्त. सकाळच्या गारठ्याने केबलचा सांधा आखडत असेल.

आकेंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तुला तिथे दिसतं ते?"

म्हटलं, दिसतं म्हणजे काय, ऑफिसात आल्या आल्या नऊ वाजता पहिलं तेच दिसतं.

"बरं," म्हणाले, आणि ठेवला. सांध्याचं काही बोललेच नाहीत. पुढच्या खेपेला मीच जाऊन केबल बदलेन.

४ ऑक्टोबर

काल खिंडीत जाऊन आले. बोरसोक तळून नेले, कुरुत, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे गोळे, नेलं, लोकरीचे मोजे नेले. मोजे त्यांनी बघितले, गुंडाळले आणि पेटीत ठेवले. पेटीत असे सहा जोड आहेत, सगळे मीच दिलेले. पायात आईने विणलेले, टाचेला तिसऱ्यांदा रफू केलेले.

जेवताना विषय काढला. म्हटलं, आके, यंदा खाली चला. माझी खोली मोठी आहे, खाली बाजार आहे, दवाखाना आहे. त्यांनी हाडावरचं मांस सोलून माझ्या ताटात ठेवलं. मग म्हणाले, "मी काय मेंढी आहे का तुझी, सांजेला मोजून आत घ्यायला?"

मी म्हटलं, मेंढीला निदान अक्कल असते, थंडी पडली की ती खाली उतरते. यावर ते बराच वेळ हसले. 

यंत्राच्या खोलीत आठव्या पोर्टची केबल उपटायला हात घातला, तर त्यांनी हातावर चापट मारली. लहानपणी कढईतला बोरसोक उचलला की मारायचे तशीच. म्हणाले, राहू दे, मला लागते ती. कशाला लागते, तर म्हणे दिवा बघायला. आमच्या तारेच्या माणसांचं असंच. साठी उलटली तरी हिरवा दिवा लुकलुकताना बघायला आवडतं. केबल त्यांनी अगदी खालच्या कप्प्यातून, चटकन हात पोचेल अशी लोंबती ठेवली आहे. सांधा मात्र चांगला घट्ट आहे, मी बघितला. मग पोर्टच आतून सडलं असणार.

निघताना घोडागाडीच्या वळणापर्यंत सोडायला आले. "तुमच्या त्या पडद्यावर कोक-बेलचं सगळं उमटतं ना गं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी जरा तोऱ्यात सांगितलं, की उचार शिंकला तरी उमटेल. ते खूश झाले. माझ्या कामाबद्दल त्यांना इतकं कौतुक आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

१८ ऑक्टोबर

आज बोलणी खाल्ली. जार-बुलाकच्या शाळेची बॅटरी काल दुपारपासून मरत होती. यंत्राने चार नंबरचा इशारा दिला, मग पुन्हा दिला. पण वरून पाच, सहा, सातच्या ढिगाऱ्यात तो कुठल्या कुठे गाडला गेला. आज मुलांची स्पर्धा होती, इंटरनेटवरून घ्यायची, आणि ऐन वेळी लाइन बंद. मुख्याध्यापिकाबाईंनी बुरुल एजेंना फोनवर इतकं सुनावलं, की एजेंनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

मेलिस-बाइके मला ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "पोरी, महिना झाला." ते जास्त लागलं.

मग संध्याकाळपर्यंत बसून एक घाव दोन तुकडे केले. आता स्क्रीनवर आणि फोनवर फक्त शून्य ते चार. पाच, सहा, सात प्रत्येक यंत्राच्या आपापल्या पोटात राहतील. तिथे ते काही आठवडे टिकतात, नवे आले की जुने पुसले जातात. कुणाला वाटलं तर त्या यंत्रात शिरून बघावं. कुणाला वाटणार आहे?

२४ ऑक्टोबर

काय शांतता आहे. स्क्रीन स्वच्छ, धुतलेल्या पाटीगत. काल दिवसभरात चारच निरोप आले आणि चारही खरे. बाइकेंच्या बायकोने माझ्यासाठी घरून समसे पाठवले, भोपळ्याचे. बाळ आता शांत झोपतं, असा निरोप आहे. बुरुल एजे म्हणाल्या, आता नवऱ्याला आणायच्या आधी त्यालाही असंच बसवून घे, चारच्या खालचं बोलायचं नाही. मी म्हटलं, एजे, आधी नवरा तर शोधा.

आकेंना हे सगळं सांगायचं राहून गेलं. फोनवर त्यांनी घोड्याचंच लांबवलं.

७ नोव्हेंबर

खिंडीत बर्फ पडायला लागला. या महिन्याच्या वीस तारखेला कंपनीची शेवटची गाडी वर जाणार, तेल आणि पीठ पोचवायला. त्यानंतर रस्ता कधी बंद होईल त्याचा नेम नाही. मी आकेंना सांगितलं, की त्याच गाडीतून खाली या. मेलिस-बाइकेंशीही बोलले आहे, तेके-सायचं एखादं जोडपं वर राहायला तयार होईल.

ते म्हणाले, लाइन माझ्या अंगावर आहे. मी म्हटलं, लाइन यंत्राच्या अंगावर आहे, तुम्ही फक्त हटून बसला आहात. ते म्हणाले, तुझं चांगलं चाललंय ना तिथे, मग झालं. मी म्हटलं, तुम्ही वर एकटे असताना माझं चांगलं कसं चालेल? पालथ्या घड्यावर पाणी. मला राग आवरला नाही.

"मग माझ्याशी बोलूच नका वीस तारखेपर्यंत," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले आणि ठेवला.

मी आता फोन करणार नाही. त्यांनाही कळू दे, दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघत बसणं काय असतं.

११ नोव्हेंबर

फोन नाही केला. त्यांनीही नाही. बुरुल एजे म्हणतात, बापलेक एकाच दगडाचे.

आज नऊच्या पुढे कामाला बसले तर कोक-बेलहून चार नंबरचा निरोप. उघडून बघितलं तर आठवं पोर्ट! थोड्या वेळात फार वेळा पडलं-उठलं म्हणून यंत्राने आपणहून त्याला बंद करून टाकलं. हीच पद्धत असते. एखादं पोर्ट सारखं उघडझाप करायला लागलं, की ते सडकं आहे असं समजून यंत्र त्याला कुलूप घालतं. चला, सुंठीवाचून खोकला गेला. केबल काढायला दिली नाही त्यांनी, शेवटी यंत्रानेच काढली. मुख्य लाइन ठणठणीत आहे, तेके-सायचं सगळं चालू आहे. आता समसा खाते.

त्याच दिवशी, अकरा वाजून गेल्यावर

गाडी निघायची वाट बघतेय. काहीतरी केल्याशिवाय बसवत नाही, म्हणून लिहितेय.

एजेंना मी हसत हसत पोर्टची गोष्ट सांगितली. त्यांनी सहज विचारलं, "पण आजच का गं? इतके दिवस एकदाच पडायचं ना ते?"

मी म्हटलं, एकदाच, सकाळी सातला. आणि मग वाटलं, गेले तीन आठवडे तर मला ते दिसलंच नाही, मीच बंद केलं होतं. म्हणून कोक-बेलच्या यंत्रात शिरले आणि त्याच्या पोटातल्या ओळी काढल्या.

रोज सकाळी एकदा. चुकून एकही दिवस गेलेला नाही, वाऱ्याचे दिवसही नाहीत, पहिल्या बर्फाचा दिवसही नाही. आम्ही भांडलो त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा एकदा. काल सकाळीही एकदा. आज सातला काही नाही. आणि मग नऊ वाजून गेल्यावर, म्हणजे मी कामावर येते तेव्हापासून, एकामागून एक, एकामागून एक, शेवटी यंत्राने तोंड बंद करेपर्यंत.

गारठ्याने आखडणारा सांधा माझ्या ऑफिसची वेळ बघून आखडत नाही. तो त्यांचा हात होता. इतके दिवस रोज सकाळी ते मला सांगत होते की मी उठलोय, आणि मी त्याला सडकं पोर्ट म्हणत होते. आज ते मला बोलावत होते. आणि त्यांची हाक मी गाळणीत घातली.

वर फोन लावतेय. वाजतोय. कुणी उचलत नाही. मेलिस-बाइके साखळ्या चढवताहेत चाकांना.

१३ नोव्हेंबर

नारिनच्या दवाखान्यात बसून लिहितेय. आधी हे लिहिते: आके जिवंत आहेत.

त्या दिवशी मेलिस-बाइके आणि मी जुन्या जीपमधून निघालो. चढ लागला आणि बाइकेंचा फोन वाजला. ते नुसते हं, हं म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मग बोलायला लागले. यंदा गवत कसं झालं, अत-बाशीच्या बाजारात घोड्यांना भाव नाही, त्यांच्या मेव्हण्याची गाय कशी दोन वासरं व्याली. बाइके एरवी गाडीत चकार शब्द काढत नाहीत.

आपली माणसं मरणाची बातमी तोंडावर सांगत नाहीत. ती तुम्हाला घरापर्यंत आणतात, वाटेत गुराढोरांचं बोलतात. आई गेली तेव्हा मी बिश्केकला होते. फोन आला की आईला जरा बरं नाही, ये. मामा गाडी घेऊन आला आणि सबंध रस्ताभर मेंढ्यांच्या लोकरीबद्दल बोलत राहिला. मी वैतागून त्याला म्हटलंही, की मामा, मला डॉक्टर काय म्हणाले ते सांग. फाटकाशी उतरले तर अंगणात लोकरीच्या नमद्याची राहुटी उभी होती. मढं ठेवायलाच ती उभारतात. तिच्या बाहेर पुरुष ओळीने काठ्यांवर रेलून उभे होते आणि त्यांत पहिले आके. कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं काही उरलंच नव्हतं.

म्हणून मी परवा बाइकेंच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, बाइके, फोनवर कोण होतं ते सांगा, नाहीतर मी इथेच उडी टाकते. ते इतके दचकले की गाडी घसरली. "अगं, बायको होती," ते म्हणाले. "चांगला थर्मास का नेला म्हणून ओरडत होती. मला काय बोलावं सुचेना, म्हणून गायीचं बोललो."

मी हसले की रडले ते आठवत नाही. दोन्ही एकदमच झालं.

वर पोचलो तर धूर नव्हता. उचार धावत आला नाही. यंत्राच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत आके जमिनीवर आडवे, एक पाय वेडावाकडा, अंगावर घोड्याचं घोंगडं आणि घोंगड्यावर उचार. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते.

"रस्ता कसा होता?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याजवळ बसले, त्यांचे हात माझ्या कोटात घातले आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हातारे, हट्टी, दगड, काय काय म्हटलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, आधी उचारला काहीतरी खायला घाल, कालपासून हललेला नाही. मेलिस-बाइके बाहेर गेले आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

१७ नोव्हेंबर

मांडीचं हाड मोडलं आहे. ऑपरेशन झालं, डॉक्टर खूश आहेत. पायाची दोन बोटं थंडीने काळी पडली होती, पण वाचतील म्हणतात.

आज ते नीट बोलले. दहा तारखेला दुपारी पॅनेलवरचा बर्फ झाडताना शिडी सरकली. सरपटत सगळ्यांत जवळच्या दारापर्यंत गेले, ते यंत्राच्या खोलीचं. बॅटऱ्यांमुळे तिथे थोडी ऊब असते. फोन पलीकडच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर. तिथवर जाणं जमेना.

मी विचारलं, मग संध्याकाळीच केबल का नाही हलवली? रात्रभर का पडून राहिलात?

"तू नऊला येतेस ना," ते म्हणाले. "रात्री हलवून कुणाला दिसणार?"

मग मला राहवलं नाही. मुख्य लाइनची तारही तिथेच असते, त्याच कप्प्यात. ती ओढली असती तर एक नंबरचा निरोप सुटला असता. आमच्या सगळ्यांचे फोन कोकलले असते, कुणीतरी लगेच निघालं असतं. हे त्यांना ठाऊक आहे, मीच त्यांना सांगितलं होतं. ती का नाही ओढली?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी चोरी करायला सांगितली. तेके-सायच्या बाळंतिणींच्या खोलीचा फोन त्याच तारेवर आहे, ते म्हणाले. तिथल्या नर्सला अडलं की ती इथल्या डॉक्टरांना विचारते. थंडीच्या दिवसांत किती बायका अडतात. एका माणसाच्या पायासाठी तार तोडायची नसते.

मी मान खाली घालून त्यांना सूप भरवत होते. तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तो दिवा विझला ना गं, तो तूच बंद केलास का तिथून?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पोर्टला यंत्राने कुलूप घातलं तेव्हा दिवा विझला. त्यांना वाटलं, मी अजून रागावलेली आहे, आणि मी पलीकडून बंद केलं. तसं वाटूनही ते पुढे दोन तास केबल काढत-घालत राहिले.

मी त्यांना सगळं सांगितलं. गाळणी, पाच नंबर, तीन आठवडे. काही लपवलं नाही. ते म्हणाले, असू दे, जार-बुलाकच्या पोरांची स्पर्धा महत्त्वाची. मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन खूप रडले.

२६ नोव्हेंबर

ऑफिसात परत गेले. मेलिस-बाइके म्हणाले, पाच नंबर पुन्हा सोडून दे, आम्ही सोसू. मी नाही म्हटलं. सगळंच सोडलं तर पुन्हा शाळेची बॅटरी मरेल. आता एकेक यंत्र घेऊन बसतेय आणि त्याच्या शेवटाला कोण आहे ते आधी विचारतेय. पायरी यंत्र चिकटवतं, पण पलीकडे कोण एकटं राहतं हे त्याला कुठून कळणार? बुरुल एजे मदत करतात. त्यांना प्रत्येक गावातली प्रत्येक म्हातारी ठाऊक आहे.

९ डिसेंबर

खिंड बंद झाली. तेके-सायचं एक जोडपं वर राहायला गेलं, घोडा त्यांच्याकडे आहे. उचार इथे आहे, आणि जिन्यातल्या प्रत्येक माणसावर भुंकतो.

आके माझ्या पलंगावर आणि मी स्वैपाकघरात गादीवर. त्यांना इथलं काहीच पसंत नाही. चहा पातळ, खिडकीसमोर भिंत, वरच्या मजल्यावरचा माणूस उंटासारखा चालतो. मी सगळं ऐकून घेते. हाड सांधेपर्यंतच तर आहेत, असं मनाला समजावत असते. वसंतात पुन्हा भांडण होणार आणि पुन्हा तेच जिंकणार, हे मी धरून चालले आहे. भांडायची वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती.

आज मेलिस-बाइके बघायला आले, घोड्याच्या मांसाचं सॉसेज घेऊन. आधी हवेचं झालं, मग गायीचं. मी स्वैपाकघरात शेवयांची पोळी लाटत होते. बाइके म्हणाले, "सादिरकुल-आके, वसंतात तुमची जागा तुमचीच. ते जोडपं तोवरच आहे." मी लाटणं थांबवलं.

आकेंनी चहाचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "दुसरा माणूस बघ."

बाइके गेल्यावर मी पिठाच्या हातांनीच आत गेले. म्हटलं, आके, पाय बरा होणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हाला कुणी अडवत नाही. मी अडवलं तरी तुम्ही ऐकता थोडेच. मग असं का म्हणालात?

ते पांघरुणाचा कोपरा दुमडत बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"तिथे पडलो होतो ना, तेव्हा मरायचं काही वाटलं नाही," ते म्हणाले. "पण डोळ्यांसमोर एकच येत होतं. तुला पुन्हा गाडीत घालून आणतील. तू अंगणात राहुटी बघशील. आई गेली तेव्हा बाहेर निदान मी तरी उभा होतो, तू धावत येऊन माझ्यावर पडलीस. या खेपेला मी आतमध्ये असेन, आणि तू कुणाकडे जाशील? तेवढ्यासाठी हलवत राहिलो ती केबल. मला भीती वाटली, पेरी. आता मी तुझ्याजवळच राहतो, चालेल का तुला?"

मला त्यांना सांगायचं होतं, की महिनोन्‌महिने मी दुसरं काय मागत होते. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं, आणि त्यांनी माझे केस चाचपले, लहानपणी वेणी सुटली की चाचपायचे तसे. त्यांचा सदरा पिठाने भरला, तो उद्या धुवायला काढायचा आहे. शेवया काही झाल्या नाहीत. आम्ही पाव आणि सॉसेज खाल्लं, आणि त्यांनी पातळ चहाचे तीन वाडगे घेतले.